मेन स्टँडवर गाडी पडतच नाही, असं कुणी सांगितलं?

"साइड स्टँडवर गाडी पडते, मेन स्टँडवर लाव, टेन्शन नाही" हे सगळेच सांगतात, पण ते सपाट, कडक जमिनीपुरतंच खरंय. उतारावर तोंड खाली करून लावलीत तर दोन्ही स्टँड दगा देतात, कारण दोन्ही मागे दुमडतात, गाडी जरा पुढे सरकली की स्टँड मिटतो आणि गाडी आडवी, मग क्लच लिव्हर, आरसा, इंडिकेटर गेलाच समजा. तोंड चढाकडे ठेवा, साइड स्टँड लावा आणि पहिला गिअर टाकाच (मेन स्टँडवर बहुतेक गाड्यांचं मागचं चाक अधांतरी असतं, तिथे गिअरचा उपयोग शून्य). हँडल डावीकडे लॉक करा. माती ओली असेल किंवा उन्हाने डांबर मऊ झालं असेल तर स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर स्टँड रुतून गाडी कलते.