टायकोचं नाक आणि मंगळाच्या आठ कला

सोळाव्या शतकातला डॅनिश खगोलवेत्ता टायको ब्राहे याचं नाव निघालं की आधी त्याचं नाक आठवतं. 1566 साली द्वंद्वयुद्धात तलवारीनं त्याचा एक तुकडा उडाला आणि पुढं जन्मभर तो धातूचं नाक लावून वावरला. ते सोन्या-चांदीचं होतं, असं सांगतात. 2010 मध्ये प्रागच्या टीन चर्चमधली त्याची कबर उघडली, तेव्हा नाकाच्या हाडाजवळचे हिरवट डाग तपासले गेले. त्यात तांबं आणि जस्त निघालं. म्हणजे नाक पितळी! निदान रोजच्या वापरातलं तरी.

कबर उघडण्याचं कारण मात्र नाक नव्हतं. 13 ऑक्टोबर 1601 ला टायको एका सरदाराकडं मेजवानीला गेला. मध्येच उठणं बरं दिसणार नाही म्हणून लघवी रोखून बसला, घरी आल्यावर ती होईना, आणि अकराव्या दिवशी तो गेला. मूत्राशय फुटला, ही त्यावरची लोककथा. दुसरी कथा अशी, की त्याचा सहायक योहान्नेस केप्लर यानं त्याला पारा घातला. पण केसांत आणि हाडांत जीव जाईल इतका पारा सापडलाच नाही.

खून नाही, पण कुरबुर होती. प्रागला पवित्र रोमन सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या आश्रयाला आलेल्या टायकोजवळ ग्रहताऱ्यांचे काही दशकांचे वेध होते, आणि तेही दुर्बिणीशिवाय घेतलेले. (टायकोच्या हाती दुर्बीण देणारी चित्रं खुशाल चुकीची समजा, दुर्बीण 1608 साली नेदरलँड्समध्ये पुढं आली.) प्रचंड आकाराची कोनमापक यंत्रं आणि नुसते डोळे, एवढ्यावर त्यानं चूक एक-दोन कलांवर आणली. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पंचांग वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. हे आकडे तो केप्लरला एकदम देईना. जेवताना बोलता बोलता एखाद्या ग्रहाचा एखादा आकडा सांगे, अशी केप्लरची तक्रार होती.

टायको गेल्यावर दोनच दिवसांत केप्लर शाही गणिती झाला. वारसांचं लक्ष नाही असं पाहून आपण वह्या ताब्यात घेतल्या, हे त्यानं पुढं पत्रात स्वतःच कबूल केलं. त्या वह्यांतल्या मंगळानं त्याला छळलं. वर्तुळाकार कक्षा धरून केलेलं गणित वेधांशी आठ कलांनी चुकत होतं, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव भागानं. प्राचीन ग्रीक खगोलवेत्ता टॉलेमी याच्या हिशेबात दहा कला सहज खपून गेल्या असत्या. टायकोची चूक इतकी नसणार, हे ओळखून केप्लरनं वर्तुळच सोडलं आणि तो लंबवर्तुळापाशी पोचला.

रुडॉल्फचा दरबार म्हणजे नुसता भविष्याचा बाजार, असाही एक समज आहे. अर्धा खरा आहे. केप्लर पत्रिका मांडायचा, ते त्याच्या नोकरीतच होतं. पण सम्राटाच्या डोक्यातून ज्योतिष पार काढून टाकायला हवं, असं 1611 च्या पत्रात लिहिणाराही तोच.

मंगळावरचा त्याचा ग्रंथ 1609 साली निघाला, तोही वारसांशी तडजोड करून. त्याच्या आरंभी टायकोच्या जावयाचं निवेदन छापावं लागलं: केप्लरनं टायकोचं मत सोडलं आहे, वाचकांनी त्यामुळं बिचकू नये.