घासलेटवर टॅक्स नसतो? असतो!

आमच्या इंदूरला रामबागेत अजूनही कितीतरी जण ठामपणे सांगतात की पेट्रोल-डिझेलसारखं घासलेटपण जीएसटीच्या बाहेर आहे आणि रेशनचं तर एकदम टॅक्स फ्री. दोन्ही चूक. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोलियममधल्या पाचच गोष्टी बाहेर ठेवल्या, कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नॅचरल गॅस आणि विमानाचं इंधन. हे विमानाचं इंधन मुळात घासलेटच्याच जातीचं, पण कायद्यात ते वेगळं धरलंय.

रेशनच्या घासलेटवर ५ टक्के, म्हणजे १०० रुपयांच्या मालावर अडीच केंद्राचे अन् अडीच राज्याचे, आणि खुल्या बाजारातल्यावर १८. म्हणजे रेट कमी आहे, माफी नाही! आणि रेशनचं हे निळं घासलेट (रंग मुद्दाम टाकतात, ओळखू यावं म्हणून) फक्त स्वयंपाकाला आणि दिव्याला, ते बाहेर विकलं की नुसता टॅक्सचा प्रश्न राहत नाही, १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याखाली केस होऊ शकते. गरिबाच्या चुलीचं तेल आहे हो ते, वाईट वाटतं.

आणि छोट्या दुकानदाराने बिलात टॅक्स दाखवला नाही म्हणून माल टॅक्स फ्री होत नाही, तो जीएसटीत रजिस्टर्ड नसेल, एवढंच.