पंचवीस मिलिमीटर जादा पत्रा

विमानाचा पंख आडवा कापला तर पुढे गोल, मागे निमुळता असा आकार दिसतो. तो आकार धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या पट्टीला रिब म्हणतात. घरी विमान बांधणारे हौशी लोक ती बऱ्याचदा ०.६ मिमी जाडीच्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्यातून हाताने घडवतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आपल्याला ठाऊक आहेत. २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात त्यांचं सहा आसनी विमान लोकांनी पाहिलं.

रिबचा पत्रा सगळ्या बाजूंनी सोळाएक मिमी मोठा कापायचा, रिबच्याच आकाराच्या दोन लाकडी फर्म्यांमध्ये घट्ट आवळायचा आणि बाहेर राहिलेली कड मोगरीने ठोकून काटकोनात पाडायची. पंखावरचा पत्रा पुढे याच कडेला रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्याने, जोडला जातो. सरळ भागात हे काम चटकन होतं. नाकापाशी, म्हणजे पुढच्या गोल भागात, मात्र साधा हिशेब आडवा येतो.

समजा तिथलं वळण १०० मिमी त्रिज्येचं, पाव वर्तुळाएवढं आहे. दुमडण्याआधी कडेची बाहेरची धार ११६ मिमी त्रिज्येवर असते, म्हणजे तिची लांबी १८२ मिमी. दुमडल्यावर तिला १५७ मिमीतच मावायचं आहे. उरलेला पंचवीस मिमी पत्रा जाणार कुठे? बाही खांद्याला जोडताना शिंपी जादा कापड चुण्यांत मुरवतो, तेच इथे करावं लागतं. तुम्ही चुण्या घातल्या नाहीत तर पत्रा स्वतःच्या मर्जीने घालतो, आणि त्याची मर्जी वाईट असते: एक सुरकुती दुसरीवर चढते आणि सगळी रिब भाजलेल्या पापडासारखी वाकडी होते.

म्हणून एक खास पक्कड वापरतात. तिच्या एका जबड्याला दोन बोटं, समोरच्याला एक. कड त्यात दाबली की एक गोलसर चुणी पडते, तेवढी लांबी खाल्ली जाते आणि वाकलेली रिब डोळ्यांदेखत सरळ येऊ लागते. चुणी दोन रिव्हेटच्या मधोमधच हवी. रिव्हेटच्या जागी पडली तर वरचा पत्रा तिथे टेकणारच नाही.

मग ठोकून ठोकूनच का बसवू नये? पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला विचारा. मठारकामात प्रत्येक ठोक्याने तांब्याचं भांडं कठीण होत जातं. विमानाच्या पत्र्यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा ‘२०२४’ या क्रमांकाचा ॲल्युमिनिअमचा मिश्रधातू तर उष्णतेने आधीच कठीण केलेला असतो. त्यात सुमारे ४.४ टक्के तांबं असतं. एकाच जागी मोगरी मारत राहिलात तर कड तडकते. तापवून मऊ करावा, तर ॲल्युमिनिअम लाल दिसण्याआधीच वितळतं. आणि वितळलं नाही तरी कमावलेली ताकद गेलीच.

वजन घटवायला रिबला पाडलेल्या भोकांत याच्या उलट घडतं. भोकाची धार बाहेर वळवताना पत्रा ताणला जातो. ३० मिमी त्रिज्येच्या भोकाची ६ मिमी कड ४५ अंशांत वळवली तर धार जवळजवळ सहा टक्के लांबते. हे पत्र्याला झेपतं. सरळ ९० अंशांत वळवली तर तोच ताण वीस टक्क्यांवर जातो आणि पत्रा फाटतो. धारेवर कापताना राहिलेली बारीकशी खाच असेल तर तो त्याआधीच फाटतो, म्हणून आधी कानस, मग पॉलिश पेपर, मग बोट फिरवून पाहायचं. मला तरी या छंदातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच वाटतो.

खुणाही जपून करायच्या. सुईने ओढलेली रेघ म्हणजे भेगेला दिलेलं आमंत्रण. शिसपेन्सिल तर नकोच: तिच्यातलं ग्रॅफाइट आणि हवेतला ओलावा मिळून ॲल्युमिनिअम पोखरतात. मार्कर पेन बरा. त्यानेच प्रत्येक पत्र्यावर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असं ठळक लिहून ठेवावं. डाव्या पंखाची रिब ही उजवीची आरशातली प्रतिमा असते, आणि फर्मा न उलटता एकाच पंखाच्या दोन सुबक रिबा ठोकून बसणं फार सोपं असतं.