साइट जप्त झाली की ब्लॉक झाली?

एस्कॉर्ट किंवा प्रौढांसाठीच्या जाहिरातींची एखादी मोठी साइट उघडेनाशी झाली की बातमी येते, 'सरकारने साइट बंद केली'. वाचणाऱ्याला वाटतं, विषय संपला. खरं तर अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर साइटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं तिचं नाव, जप्त झालेलं असतं, नाही तर ती त्या देशापुरती ब्लॉक झालेली असते. स्क्रीनवर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो, म्हणून गल्लत होते. कुठल्या सरकारला यातलं काय जमेल हे मात्र साइटवर काय छापलंय यापेक्षा तिचं नाव कुठे नोंदलंय आणि मालक कुठे राहतो यावर जास्त ठरतं.

जप्तीचं ठळक उदाहरण बॅकपेज या अमेरिकी जाहिरात-साइटचं. 6 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेच्या एफबीआय आणि इतर यंत्रणांनी ही साइट ताब्यात घेतली आणि तिच्या जागी सरकारी शिक्क्यांची सूचना झळकू लागली, तीही फक्त अमेरिकेत नव्हे, सगळीकडे. अशी जप्ती जगभर लागू पडते, कारण डॉट कॉमने संपणाऱ्या प्रत्येक नावाची मूळ नोंदवही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे. अमेरिकी न्यायालयाचा आदेश तिथे पोचला की त्या नावामागचा नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कुठे न्यायचं हे सांगणारा संगणक, बदलता येतो. मग मालक कुठल्याही देशात असो. रोखादिरेक्ता या स्पॅनिश साइटला 2011 मध्ये हाच अनुभव आला. ती खेळांच्या प्रक्षेपणाच्या लिंक देणारी साइट होती, प्रौढ जाहिरातींशी तिचा संबंध नव्हता. स्पेनच्या न्यायालयात ती सुटली होती, तरी तिची डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग नावं अमेरिकेने जप्त केली आणि पुढच्या वर्षी परत दिली. मधल्या काळात साइट दुसऱ्या नावांवर चालूच होती. म्हणजे डोमेनची जप्ती ही दुकानाची पाटी उचलून नेण्यासारखी आहे. आतला माल हवा असेल तर सर्व्हर, म्हणजे साइटचा मजकूर ठेवलेला संगणक, गाठावा लागतो, आणि तो दुसऱ्या देशात असेल तर तिथल्या सरकारची मदत घ्यावी लागते.

बॅकपेजबद्दल एक समज अजून पक्का आहे, की देहविक्रय आणि मानवी तस्करीला हातभार लावणाऱ्या साइट्सविरुद्धच्या फोस्टा नावाच्या नव्या अमेरिकी कायद्याने ती बंद पडली. तारखा जुळत नाहीत. फोस्टावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली 11 एप्रिलला, जप्तीनंतर पाच दिवसांनी. खटला उभा राहिला तो 1961 च्या ट्रॅव्हल ॲक्टवर (राज्यांच्या सीमा ओलांडून चालणाऱ्या बेकायदा धंद्यांविरुद्धचा जुना कायदा) आणि मनी लाँडरिंगच्या, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याच्या, कलमांवर. अमेरिकी दूरसंचार कायद्यातलं 1996 पासूनचं कलम 230 संकेतस्थळांना वापरकर्त्यांच्या मजकुराच्या जबाबदारीतून वाचवतं हे खरं, पण संघीय फौजदारी कायद्यापुढे ती ढाल कधीच चालत नव्हती. फोस्टाने राज्यांच्या फिर्यादींना आणि पीडितांच्या दाव्यांना वाट मोकळी केली आणि एक नवा संघीय गुन्हाही तयार केला. त्याची धास्ती मात्र कायद्याच्या आधीच पोचली. क्रेग्जलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या अमेरिकी साइटने सही होण्याची वाटही न पाहता मार्च 2018 मध्ये भेटीगाठींच्या जाहिरातींचा विभाग स्वतःहून काढून टाकला.

ब्लॉक करणं ही याहून दुबळी गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती बरेचदा सरकारच्या हतबलतेची कबुली असते. मालकापर्यंत हात पोचत नाही, नोंदवहीही आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याच हद्दीतल्या इंटरनेट कंपन्यांना सांगायचं की ही वाट बंद करा. भारतात 31 जुलै 2015 ला 857 साइट्स ब्लॉक करण्याचा आदेश निघाला आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच तो बराचसा मागे घ्यावा लागला. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 827 साइट्सवर, तर 2022 मध्ये पुण्यातल्या न्यायालयाच्या आदेशावरून 63 साइट्सवर पडदा पडला. या याद्या मुख्यतः अश्लील चित्रफितींच्या साइट्सच्या होत्या, पण जाहिरातींच्या साइटला ब्लॉक करायचं तर यंत्रणा हीच. यातली कायदेशीर गंमत अशी की साइट ब्लॉक करण्याचं नेहमीचं कलम, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 69अ, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं मोजून सांगतं. अश्लीलता त्यात नाही. म्हणून 2015 चा आदेश कलम 79 च्या (इंटरनेट कंपन्यांसारख्या मध्यस्थांच्या जबाबदारीबद्दलच्या) एका उपकलमाचा आधार घेऊन काढला गेला. याच कायद्याचं कलम 75 म्हणतं की भारतातला संगणक गुंतला असेल तर परदेशात केलेला गुन्हाही या कायद्याखाली येतो. दावा मोठा आहे, पण आरोपीला इथे आणायचं कसं, याचं उत्तर त्या कलमात नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला अवघड नाही. एका कंपनीच्या सिमवर साइट उघडते आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर नाही, किंवा व्हीपीएन (दुसऱ्या देशातून जोडणी दाखवणारी सोय) लावला की उघडते, तर ती ब्लॉक आहे. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने अडवते: कोणी डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचं, उत्तर देत नाही, कोणी जोडणी सुरू होतानाच नाव वाचून ती तोडते. सगळीकडून एकच सरकारी सूचना दिसत असेल, तर जप्ती.

जप्तीचा धाक बसल्यावर साइट्सनी जे केलं ते अपेक्षितच होतं. देहविक्रय करणाऱ्यांसाठी मेलबर्नमध्ये सुरू झालेल्या स्विटर या समाजमाध्यमाने ऑस्ट्रियाचं डॉट एटी नाव घेतलं, कारण तिथे हा व्यवसाय कायदेशीर आहे. तरीही एप्रिल 2018 मध्ये क्लाउडफ्लेअर या साइट्सना संरक्षण आणि वेग पुरवणाऱ्या अमेरिकी कंपनीने तिची सेवा तोडली. नाव सुरक्षित राहिलं, पण पुरवठादार अमेरिकी निघाला. 2022 मध्ये स्विटर बंद झाली, ती ऑस्ट्रेलियातल्या नव्या कायद्यांकडे बोट दाखवून. इतर अनेक साइट्सनी बाडबिस्तरा परदेशी हलवला. अमेरिकी संसदेच्या लेखापाल संस्थेने 2021 च्या अहवालात नोंदवलं की त्यामुळे मानवी तस्करीचे पुरावे गोळा करणं तपास यंत्रणांना अवघड झालं आहे. पूर्वी अमेरिकेतल्या कंपनीला समन्स पाठवलं की नोंदी मिळत.

जाहिरातीत ज्यांचा फोटो किंवा नंबर आहे त्यांच्यासाठी तर हा फरक फारच मोठा आहे. जप्तीत सर्व्हरही हाती लागले तर जाहिरातदारांचे ईमेल, पैसे भरल्याच्या नोंदी असं सगळं तपास यंत्रणेकडे जातं. ब्लॉकमध्ये यातलं काहीच घडत नाही, जाहिरात जिथल्या तिथे राहते. कोणी तुमचा फोटो वापरून खोटी जाहिरात टाकली असेल आणि ती साइट इथे ब्लॉक झाली, तर ती तुम्हाला दिसेनाशी होते, पण बाकी जगाला दिसतच राहते. फोनही येत राहतात. अशा वेळी साइट ब्लॉक करण्याची मागणी करून उपयोग नाही. ती विशिष्ट जाहिरात काढून टाकण्याची तक्रार साइटकडे आणि सायबर पोलिसांकडे करावी लागते, त्याआधी पानाचा पूर्ण पत्ता आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावे लागतात. गूगलच्या शोधनिकालांतून ते पान हटवण्याची विनंती वेगळी करायची असते, आणि ती साइटचा मालक कुठल्याही देशात असला तरी करता येते.