मज्जारज्जूमार्गे कर्करोग-वेदनाशमन : तीन महिन्यांच्या अटीची पार्श्वभूमी

मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सुई घालून भूल देण्याची पद्धत १८९८ पासूनची असली, तरी कर्करोगाच्या दीर्घकालीन वेदनेवर या मार्गाने उपचार करण्याचा विचार रुजला तो १९७६ मध्ये, मॉर्फिन थेट मज्जारज्जूवर काम करते हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसल्यानंतर. १९७९ मध्ये कर्करुग्णांना त्याचा गुण आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच या द्रवात औषध सतत सोडणारे, त्वचेखाली बसवायचे पंप वापरात आले. तोंडाने घेतलेल्या ३०० मिलिग्रॅम मॉर्फिनचे काम येथे साधारण १ मिलिग्रॅम करते, म्हणूनच गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठता यांचा जाच कमी होतो.

वाद आहे तो पंप कोणाला बसवायचा याचा. रुग्ण किमान तीन महिने जगेल अशी शक्यता असावी, ही अट वर्षानुवर्षे सांगितली गेली. परंतु तिचा मोठा आधार वैद्यकीय नव्हता. शरीराबाहेरच्या पंपाला कॅथेटर (औषध पोहोचवणारी बारीक नळी) जोडण्याचा पर्याय आरंभी स्वस्त आणि पुढे महाग पडतो, तर त्वचेखालच्या पंपाचा बहुतेक खर्च शस्त्रक्रियेच्या वेळीच होतो. हे दोन्ही खर्च तीन महिन्यांच्या आसपास बरोबरीला येतात, असा तो १९९० च्या दशकाच्या आरंभीचा हिशेब होता. खर्चाची ही सीमारेषा हळूहळू पात्रतेची रेषा होऊन बसली. त्यातच आयुर्मानाचा अंदाज डॉक्टरांकडून बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त बांधला जातो, आणि पंपाचा निर्णय इतर सर्व औषधे हरल्यावरच घेतला जात असल्याने शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद रुग्णात तोवर उरलेली नसते. अटीपेक्षाही या विलंबाने अधिक रुग्णांचे नुकसान झाले, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

२००२ मध्ये २०२ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. पंप मिळालेल्या गटात औषधांचे दुष्परिणाम लक्षणीयरीत्या कमी आढळले. सहा महिन्यांनी हयात असलेल्यांचे प्रमाणही त्या गटात सुमारे ५४ टक्के, तर पंपाविना केवळ औषधोपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात ३७ टक्के होते. मात्र हा फरक संख्याशास्त्रीय निकषावर थोडक्यात कमी पडला, म्हणून पंपाने आयुष्य वाढते असा दावा करता येत नाही. २००४ मध्ये मॉर्फिनवर्गाबाहेरचे, याच मार्गाने द्यायचे वेदनाशामक झिकोनोटाइड उपलब्ध झाले. कॅथेटरच्या टोकाशी गाठ होणे आणि जंतुसंसर्ग हे धोके कायम आहेत. थोडे दिवस हाती असलेल्यांसाठी बाहेरच्या पंपाचा साधा मार्ग आजही वापरला जातो.