गोदाघाट ते डहाणू : नाशिकच्या निसर्गचित्रांत समुद्र आला कुठून?

नाशिकला समुद्र नाही. तरी इथल्या चित्रकारांचं निसर्गचित्रांचं प्रदर्शन पाहायला गेलं की गोदाघाटाच्या शेजारच्याच भिंतीवर किनाऱ्याला लागलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, नाहीतर ओहोटीनंतरचा ओला किनारा दिसतो. बाहेरून आलेल्यांना वाटतं, सुट्टीत कोकणात गेले असतील, तिथे काढली असतील. मला हे उत्तर अपुरं वाटतं. घाट उतरून समुद्राकडे जाणं या शहराच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि चित्रकार त्याच वाटेवरचे बऱ्याच उशिरा आलेले प्रवासी आहेत.

आधी भूगोल पाहू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम 80 किलोमीटरवर जन्मते. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्याच डोंगररांगेतून निघणारी वैतरणा मात्र पश्चिमेला वळते आणि थोड्याच अंतरात खाडी गाठते. दमणगंगा आणि पार या नद्याही नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांतून निघून पश्चिमेला जातात. म्हणजे एकाच जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. शहर वसलं ते पूर्वेकडे जाणाऱ्या नदीवर, आणि त्याचा व्यापार चालला पश्चिमेकडच्या बंदरांशी.

याचा पुरावा पांडवलेण्यात दगडावर कोरलेला आहे. त्रिरश्मी डोंगरातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने केलेल्या दानधर्माच्या यादीत भरुकच्छ म्हणजे भडोच आणि शोर्पारग म्हणजे सोपारा ही बंदरं येतात. शिवाय इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. दाहनुका म्हणजे आपलं डहाणू. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करताना म्हटलंय की त्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली होती. ज्या डोंगरावरून समुद्र दिसत नाही, त्या डोंगरावर तीन समुद्र कोरून ठेवलेत. या दोन लेखांपुढे उभं राहिल्याशिवाय नाशिकच्या कलेत समुद्र 'बाहेरून' आला असं कुणी म्हणू नये.

पुढे गोदाघाटावरही किनाऱ्याची एक खूण आली. नारोशंकराचं मंदिर 1747 चं. त्याच्या तटावरची मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची, तिच्यावर 1721 साल आहे. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ही आठवण. घाटावर बसून चित्र काढणाऱ्याच्या चौकटीत हे मंदिर येतंच, आणि त्याबरोबर वसईच्या समुद्राकडून आलेली घंटाही येते. गोदेला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं आणि नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचलं का, हे शहरभर विचारलं जातं.

आता चित्रकलेकडे. प्रवास करायचा आणि जागेवर बसून निसर्ग रंगवायचा, ही पद्धत आपल्याकडे जुनी नाही. आपल्या लघुचित्रांत डोंगर, झाडं, पाणी भरपूर आहे. पण ते मनातून आणि परंपरेतून उतरलेलं. विशिष्ट जागी, विशिष्ट वेळी बसून समोरचं रंगवण्याची सवय अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज प्रवाशांबरोबर आली. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे 1793 मध्ये पश्चिम भारतात फिरले. जेम्स वेल्सने वेरूळची लेणी रेखाटली. रॉबर्ट ग्रिंडले या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली घाटांची आणि किनाऱ्याची दृश्यं 1826 पासून छापून आली. या मंडळींसाठी समुद्र म्हणजे घरचा रस्ता आणि घाट म्हणजे मुलखात शिरण्याचा दरवाजा. त्यांच्या चित्रांत कौतुक आहे, मापनही आहे. नकाशा करणाऱ्याची नजर त्यातून सुटत नाही. मला ती चित्रं आवडतात, पण त्यांत दमट हवा जाणवत नाही.

प्रवासात चित्र काढणं शक्य झालं ते साहित्यामुळे, याचा कलेच्या इतिहासात पुरेसा उल्लेख होत नाही. पूर्वी रंग वाटून, खलून वापरावे लागत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जलरंगाच्या घट्ट वड्या विकायला आल्या, मग ओलसर राहणाऱ्या वड्या आल्या. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तैलरंगही झोळीत मावू लागले. टर्नर या इंग्रज चित्रकाराने आयुष्यभर युरोपातल्या नद्या, बंदरं, समुद्र पालथे घातले आणि मागे तीनशेच्या आसपास रेखाटनवह्या ठेवल्या. वही, पेन्सिल आणि लहानशी रंगपेटी एवढ्यावर हे काम चालतं. आजही गोदाघाटावर आउटडोअरला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिशवीत याहून फार काही नसतं. पाण्याची बाटली, फडकं आणि घडीचं स्टूल तेवढं वाढलं.

मुंबईत 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. 1865 मध्ये थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून रेल्वे वर आली, आणि मुंबई-नाशिक हा कित्येक दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. जॉन ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला जात होते. मुंबईहून खानदेशाकडे जाणारा रेल्वेमार्ग हाच, नाशकावरून जाणारा. अजिंठ्याचं काम 1885 पर्यंत चाललं. 'चित्रकाराने शहर सोडून जागेवर जायचं, तिथे मुक्काम करायचा' ही शिस्त मराठी मुलांना अशा कामांतून लागली. त्याच वर्षी, 1885 मध्ये, त्र्यंबकचा एक मुलगा जे. जे.मध्ये दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तो तैलरंग आणि जलरंग शिकला. सगळ्यांना ते चित्रपटाचे जनक म्हणून माहीत आहेत; त्यांचा हात आधी ब्रशवर बसला होता, हे नाशिककरांनीही लक्षात ठेवायला हवं. 1913 मध्ये पहिला चित्रपट झाल्यावर त्यांनी आपला कारभार मुंबईतून नाशिकला हलवला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स जे. जे.चे प्राचार्य असताना पारदर्शक जलरंगाने जोर धरला. आज ज्याला 'बॉम्बे स्कूल' म्हणतात त्याचा हा खरा बहराचा काळ. त्यातली बरीच मोठी नावं किनारपट्टीची आहेत. सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, अँटोनियो त्रिंदाद गोव्याचे. त्यांना समुद्र, माड, खाडी हे घरचं. कोल्हापूरचे आबालाल रहिमान याच्या अगदी उलट. जे. जे.तून परत गेल्यावर त्यांनी आपलं गाव, कोटीतीर्थाचा तलाव, आसपासची शेतं पुन्हा पुन्हा रंगवली. प्रेरणेसाठी लांब जायलाच हवं असं ज्यांना वाटतं त्यांनी आबालाल पाहावेत. एकाच तलावाच्या पाण्यात त्यांना सकाळ, संध्याकाळ, पावसाळा असे वेगवेगळे प्रांत सापडले.

नाशिकचा चित्रकार या दोघांच्या मधला. आबालालांसारखा त्याला एक ठरलेला पाणवठा आहे, रामकुंडापासून खाली पसरलेला गोदाघाट. आणि हळदणकरांच्या कोकणाकडे जायला त्याला घाट उतरावा लागतो. नाशिक कलानिकेतनच्या चित्रकला महाविद्यालयातून इथल्या पिढ्या घडल्या, वा. गो. कुलकर्णी आणि शिवाजी तुपे ही नावं शहरातल्या कलाशिक्षकांच्या तोंडी आजही आदराने येतात. तुपे सरांचा जलरंग म्हणजे जागेवर बसून केलेलं काम. अलीकडे प्रफुल्ल सावंत यांच्यासारख्या जलरंगकारांनी नाशिकचं नाव परदेशातल्या प्रदर्शनांपर्यंत नेलं. या सगळ्यांची शाळा घाटावरच भरली.

घाट काय शिकवतो ते नीट पाहायला हवं, कारण समुद्रावर गेल्यावर नेमकं तेच हातातून सुटतं. गोदाघाटाच्या चित्राला समोरचा काठ असतो. पाणी चित्राच्या खालच्या भागात, त्यावर काळ्या पायऱ्यांच्या तिरक्या रेषा, त्यावर देवळांची शिखरं उभी, आणि मधे माणसं, छत्र्या, वाळत घातलेली धोतरं. चित्राला आधार द्यायला इतक्या गोष्टी असतात की नवख्याचंही चित्र उभं राहतं. सकाळी साडेसात-आठला ऊन तिरकं पायऱ्यांवर येतं तेव्हा प्रत्येक पायरीची वरची बाजू कोऱ्या कागदासारखी उजळते आणि उभी बाजू जवळजवळ काळी राहते. हा काळा काळ्या रंगाने काढायचा नाही, हे घाटावर शिकणाऱ्याच्या कानी लवकरच पडतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून बसाल्टचा काळा येतो. निळा जरा जास्त घेतला की सावलीतली पायरी, तपकिरी जास्त घेतला की उन्हातली.

समुद्रावर समोर काठच नाही. एक आडवी रेषा, वर आकाश, खाली पाणी. शिखर नाही, पायरी नाही. घाटावर तयार झालेला हात अशा वेळी घाबरून होडी शोधतो. नाशिकच्या सुरुवातीच्या समुद्रचित्रांत होड्या, डोलकाठ्या आणि माड इतके का, याचं माझ्या मते हे कारण आहे. चित्रकार आपला घाटच किनाऱ्यावर पुन्हा मांडत असतो. ज्यांनी पुढे धीर केला त्यांनी होडी काढून टाकली, आणि मग चित्रात हवा आली.

हवेचा प्रश्न तर हातात ब्रश घेतला की लगेच जाणवतो. एप्रिलमधल्या नाशिकच्या कोरड्या हवेत आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कागदाच्या तळाला पोचेपर्यंत वरून वाळायला लागतो. म्हणून इथला जलरंगकार भरभर काम करतो, कडा ठसठशीत ठेवतो, खडकाचा खरखरीतपणा ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने काढतो. तोच माणूस किनाऱ्यावर बसला की कागद वाळतच नाही. ओल्यावर ओला रंग पसरत राहतो, क्षितिजाची रेषा आकाशात विरघळते, दुसरा वॉश लवकर दिला तर खालचा उचलला जातो. नाशिकला दोन-चार मिनिटांत होणारं काम इथे बसून राहून करावं लागतं. प्रवासाने दृष्टी बदलते असं आपण सहज म्हणून जातो. जलरंगात प्रवासाने आधी वाळण्याचा वेग बदलतो, आणि दृष्टी त्याच्या मागून येते.

मराठी चित्रकलेत समुद्राचं दुसरंही एक वळण आहे, त्याचा उल्लेख इथे हवा. वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपुरात जन्मले. मुंबईत त्यांचा स्टुडिओ वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, समुद्राच्या समोर होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्या चित्रांतले आकार गळत गेले आणि एका रंगाचे खोल थर उरले. ते त्यांना निसर्गचित्र म्हणत नसत, आणि आपणही म्हणू नये. पण समोरचा काठ सोडून द्यायचं धाडस करणाऱ्या प्रत्येकाला त्या चित्रांनी बळ दिलं आहे. पुढे ते दिल्लीला गेले, जिथे समुद्र नाही, आणि ते थर तिथेही येत राहिले.

नाशिकहून समुद्राकडे जाणारी चित्रकारांची आवडती वाट त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा करत डहाणूला उतरते. वाटेवरचा सगळा मुलूख वारल्यांचा. पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या पाड्यांवरही वारली आहेत, त्यामुळे ही वस्ती नाशिकला परकी नाही. लग्नाच्या चौकाची चित्रं सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात ही रेषा भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहावं. सगळी चौकट बारीक विणीने भरलेली आणि त्यात मासे. इथे क्षितिज नाही, दूरचं-जवळचं नाही, छायाप्रकाश नाही, तरी पाणी आहे. जे. जे.च्या परंपरेत वाढलेल्या माणसाने डहाणूला जाता जाता हे चित्र मनात ठेवावं, कारण समुद्र दाखवायला निळा रंगसुद्धा लागत नाही हे तिथे कळतं.

डहाणू-बोर्डीचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि ओल्या वाळूत आकाश उतरतं. भरतीला तीच जागा नाहीशी होते. नाशिकहून पहिल्यांदा जाणारे गट वेळ न पाहता जातात आणि निम्मं चित्र पाण्याखाली गेल्यावर उठतात. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी, पावणेदहा-दहाला ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. नाशिकच्या घरात तिथी विचारावी लागत नाही, ती भिंतीवरच असते. तेव्हा सकाळचं तिरकं ऊन आणि ओहोटी दोन्ही हवी असेल तर सहलीची तारीख चतुर्थी-पंचमीच्या आसपास धरावी, आणि आदल्या रात्रीच डहाणूत मुक्कामाला पोचावं.