स्मार्ट उपकरणाचा धंदा मायक्रोॲम्पिअरपासून सुरू होतो

इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाचा धंदा मांडताना एक गृहीतक हमखास डोकावतं: सेन्सर पाठवणार चार-दोन बाइट, त्याला वीज ती किती लागणार! मग ॲपचे स्क्रीन, ग्राहकांचे गट, मासिक वर्गणी यांवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि बॅटरीच्या वाट्याला एकच ओळ येते, ‘सेल पाच वर्षं टिकेल’. माझं ठाम मत आहे की आराखडा याच ओळीपासून सुरू करावा. उपकरणाचा आकार, किंमत, रेडिओची निवड, तक्रार घेऊन परत येणाऱ्या नगांचं प्रमाण, सगळं तिच्यावर उभं असतं.

दाराला लावायचा साधा सेन्सर घेऊ. दार उघडलं की फोनवर सूचना, एवढंच त्याचं काम. आत सीआर२०३२ जातीचा चपटा सेल: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट, क्षमता सुमारे २२५ मिलिॲम्पिअर-तास. विद्युतभार म्हणजे प्रवाह गुणिले वेळ, हे शाळेत झालेलं असतं. पाच वर्षांचे तास होतात ४३,८००. २२५ला त्यांनी भागलं की उत्तर येतं ०.००५१ मिलिॲम्पिअर, म्हणजे साधारण ५ मायक्रोॲम्पिअर (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग). पाच वर्षांचं वचन पाळायचं तर सरासरी प्रवाह याच्यावर जाता कामा नये. ५ मिलिॲम्पिअरवर पेटणारा साधा एलईडी याच्या हजारपट प्रवाह घेतो.

म्हणून असं उपकरण जवळजवळ सगळं आयुष्य झोपून काढतं. उपकरण चालवणाऱ्या आजच्या मायक्रोकंट्रोलर चिप एक-दोन मायक्रोॲम्पिअरवर झोपतात. आतलं घड्याळ तेवढं चालू असतं. काही मिलिसेकंद जागं व्हायचं, काम उरकायचं, पुन्हा झोपायचं. आणि खरा घोळ होतो तो या झोपेतच.

दाराच्या सेन्सरमध्ये एक चुंबकीय स्विच असतो. दार बंद असताना चुंबक जवळ असतो, स्विच मिटलेला, म्हणजे प्रवाहाची वाट जोडलेली, राहतो. स्विचची स्थिती वाचण्यासाठी चिपच्या पायाला एका रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाहाला अडवणाऱ्या तुकड्यातून, ३ व्होल्ट द्यावे लागतात. सवयीने १० किलोओहमचा रेझिस्टर लावला जातो, कारण तो प्रत्येक टेबलावर पडलेला असतो. आता ओहमचा नियम लावा: ३ भागिले १०,००० म्हणजे ३०० मायक्रोॲम्पिअर. दार बंद आहे तोवर मिटलेल्या स्विचमधून हा प्रवाह अखंड वाहत राहतो. २२५ मिलिॲम्पिअर-तासांचा सेल ७५० तासांत, म्हणजे महिन्याभरात रिकामा! चिप एकदाही जागी झाली नाही, रेडिओने एकही संदेश पाठवला नाही, तरी सेल गेला. गंमत म्हणजे दार जितकं कमी उघडाल तितका सेल लवकर संपतो. त्याच जागी तेवढ्याच किमतीचा दहा लाख ओहमचा रेझिस्टर लावला की गळती ३ मायक्रोॲम्पिअरवर येते. तीही आपल्या पाचांतल्या निम्म्याहून जास्त. म्हणून जाणकार मंडळी चुंबक जवळ असताना उघडा राहणारा स्विच निवडतात, किंवा रेझिस्टरला वीज स्थिती वाचण्यापुरतीच देतात. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो: धंद्याचं भवितव्य एका रेझिस्टरच्या मूल्यात दडलेलं असतं.

आता रेडिओ. २०१० साली आलेल्या ब्लूटूथ लो एनर्जी प्रकारात एक छोटी घोषणा (‘मी इथे आहे’ असा संदेश) करायला अंदाजे ३ मिलिसेकंद आणि ८ मिलिॲम्पिअर लागतात असं धरू. गुणाकार २४ मायक्रोकूलोम (कूलोम हे विद्युतभाराचं एकक). दर दहा सेकंदांनी घोषणा केली तर सरासरी २.४ मायक्रोॲम्पिअर, झोपेचे २ मिळवून ४.४, कागदावर आयुष्य पावणेसहा वर्षं. ‘उपकरण फोनला चटकन सापडायला हवं’ म्हणून कुणी तीच घोषणा दर सेकंदाला करायला लावली, तर सरासरी २६ वर जाते आणि सेल जेमतेम वर्षभर टिकतो. आणि वायफाय? राउटरशी ओळख पटवायची, पत्ता मिळवायचा, सर्व्हरशी सांकेतिक बोलणी करायची, यात तीन सेकंद गेले आणि सरासरी ८० मिलिॲम्पिअर लागले, तर एका संदेशाची किंमत होते २ लाख ४० हजार मायक्रोकूलोम. ब्लूटूथच्या नेमकी दहा हजारपट. पाठवलेली माहिती दोन्हीकडे तीच चार बाइटची! वीज खाते ती रेडिओ जागा ठेवण्याची वेळ.

    

सरासरी जमली तरी एक अडचण उरते. चपट्या सेलला अंतर्गत रोध असतो: नवा असताना दहा-वीस ओहम, म्हातारपणी किंवा थंडीत शंभर किंवा त्याहून अधिक. ८ मिलिॲम्पिअर गुणिले १०० ओहम म्हणजे ०.८ व्होल्टची घसरण. सेल २.६ व्होल्टवर आला असेल तर रेडिओ सुरू होताच चिपला मिळतात १.८, आणि बऱ्याच चिपांची किमान मर्यादा तिथेच असते. चिप बंद पडते, दाब सावरतो, ती पुन्हा सुरू होते, पुन्हा जोरात प्रवाह ओढते, पुन्हा पडते. भार शिल्लक असूनही सेल मेल्यात जमा. उपाय आहे शेजारी बसवलेला १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभाराची छोटी टाकी. २४ मायक्रोकूलोम एकट्या त्याने पुरवले तरी दाब फक्त ०.२४ व्होल्टने उतरतो. मग सेल त्याला सावकाश भरून देतो. मात्र कॅपॅसिटरही गळतात. चुकीच्या जातीचा निवडला तर आपले ५ मायक्रोॲम्पिअर तोच पिऊन टाकेल.

एवढं गणित झालं की धंद्याचे रस्ते आपोआप वेगळे होतात. वायफाय घेतलं तर मध्ये जास्तीचा डबा लागत नाही, पण मोठी बॅटरी किंवा भिंतीतला प्लग लागतो. ब्लूटूथ किंवा झिगबी (तसाच कमी विजेवर चालणारा रेडिओ) घेतलं तर सेन्सर चिमुकला राहतो, पण इंटरनेटपर्यंत पोचवायला हब (मधला जोडणीचा डबा) किंवा फोन हवा. त्या हबची किंमत आणि तक्रारी दोन्ही तुमच्याच. मोबाइल नेटवर्क घेतलं तर प्रत्येक नगामागे जोडणीचं भाडं भरत राहावं लागतं.

विक्रीनंतरचा खर्च तर अनेक आराखड्यांत नसतोच. रिव्हॉल्व नावाचा घरगुती हब सुमारे ३०० डॉलरना विकला गेला होता. २०१४ साली गूगलच्या नेस्ट कंपनीने तो बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६मध्ये सर्व्हर बंद केले. हार्डवेअर धडधाकट असूनही हब निकामी झाले. त्याच वर्षी मिराय या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक पासवर्डांच्या जोरावर असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये बड्याबड्या संकेतस्थळांना झोपवलं. २९ एप्रिल २०२४पासून ब्रिटनमध्ये सर्व नगांना एकच पासवर्ड देणं बेकायदा आहे, आणि सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील हे ग्राहकाला सांगावं लागतं. युरोपीय संघाच्या अशाच कायद्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७पासून लागू होतील. म्हणजे सेलच्या आयुष्यासारखंच अपडेटच्या आयुष्याचंही आता वचन द्यावं लागणार.

२०२०पर्यंत ५० अब्ज उपकरणं जोडली जातील, असं भाकीत सिस्को आणि एरिक्सन या नेटवर्क उपकरणांच्या कंपन्यांनी एक दशक आधी केलं होतं. प्रत्यक्ष आकडा त्याच्या आसपासही गेला नाही, तरी असली भाकितं आजही आराखड्यांच्या पहिल्या पानावर असतात. त्या जागी मला दोन आकडे वाचायला आवडतील: मोजलेला सरासरी प्रवाह, आणि एका नगाला एक वर्ष सांभाळायचा खर्च. उपकरणाचे पैसे एकदाच मिळतात, सर्व्हरचे दरवर्षी जातात. विक्री वाढत असते तोवर नव्या ग्राहकांच्या पैशांवर जुन्यांचा सर्व्हर चालतो आणि भोक दिसत नाही. विक्री थंडावली की ते दिसतं. म्हणून पाच वर्षांचा सेल देणाऱ्याने पाच वर्षांच्या सर्व्हरचे आणि अपडेटचे पैसे विकतानाच बाजूला काढावेत, आणि दार उघडल्याची सूचना सर्व्हरशिवायही घरातल्या फोनपर्यंत पोचेल अशी सोय पहिल्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणातल्या प्रोग्रॅममध्ये, ठेवावी.